आमच्या परसातला स्विमिंग पूल

आमच्या घरामागे स्विमिंग पूल आहे, ही गोष्ट मला कुरिअरवाल्याकडून कळली.

पार्सल हातात देताना तो माझ्या खांद्यावरून आत डोकावला आणि म्हणाला, "वहिनी, पूल मागच्या अंगाला काय? एकदा पोरांना घेऊन येतो."

"कसला पूल?"

"पोहायचा! नकाशात दाखवतोय ना तुमच्या घराला. बघा, काय मस्त लिहिलंय."

मी बघितलं. रत्नागिरीहून पालीकडे जाताना कातळाच्या सड्यावर आत वळलं की आमची वाडी लागते, वाडीच्या टोकाला आमचं कौलारू घर. आणि घराच्या मागे, जिथे मी रोज भांडी घासते, तिथे एक सुबक निळा चौकोन! खाली मजकूर: 'निसर्गाच्या कुशीतील लोकप्रिय जलतरण तलाव. कुटुंबांसाठी उत्तम. दुपारी गर्दी असते.'

दुपारी गर्दी! मे महिन्यात आमच्या वाडीला एक दिवसाआड पाणी येतं आणि तेही नळ आजारी असल्यासारखं. धारेखाली कळशी लावून माणूस चहा पिऊन आला तरी तिचा तळ झाकलेला नसतो. त्यात येत्या रविवारी आमच्याकडे पूर्वाचं केळवण. पूर्वा ही माझ्या नणंदेची मुलगी, तिचं लग्न तोंडावर आलेलं. मला प्रत्येक गोष्टीची यादी लागते. केळवणाच्या यादीत मी पहिल्या ओळीत 'पाणी' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. श्रीखंड, पुरणपोळी सगळं त्याच्या खाली! आणि इथे एक अदृश्य प्राणी आमच्या घरात तलाव भरून बसला होता.

माझा राग कुणावर आहे ते कळण्यासाठी थोडं मागचं सांगते.

हा नकाशा आमच्यासारखी हौशी माणसं फुकटात भरतात. मग प्रवासाची ॲप, कुरिअरवाले, हॉटेलवाले तो उचलून वापरतात. काही वर्षांपूर्वी त्यात आमच्या वाडीच्या जागी नुसता हिरवा डाग होता. मला रिकामी जागा सहन होत नाही (फ्रिजमधलीही नाही). रविवारी डोक्यावर टोपी घालून मी निघायचे. जांभ्या दगडांच्या पायऱ्यांच्या पाखाड्या, विहिरी, शाळा, पालखी बसते ती सहाण, सगळं मी पायांनी तुडवून, माणसांना नावं विचारून नकाशात घातलं. उन्हाने नाक सोललं. दोन कुत्र्यांनी माझ्याविषयी कायमचं मत करून घेतलं. आंब्याच्या पेट्यांना गिऱ्हाईक मिळावं म्हणून घरावर आमचा फोन नंबरही टाकला.

मग एआय आलं. आता कुणी चालायचं नाही! आकाशातून काढलेले फोटो बघून तेच रस्ते काढणार, घरं ओळखणार, वर्णनं लिहिणार, आणि आम्ही फक्त 'बरोबर' नाहीतर 'चूक' दाबायचं. पूर्वी मी सांगायचे आणि नकाशा ऐकायचा. आता नकाशा सांगतो आणि मी मान डोलवायची! या विद्वानाने पहिल्याच फटक्यात आमची पाखाडी 'मोटार रस्ता' करून टाकली. एक बिचारा स्कूटर घेऊन पायऱ्या उतरला आणि थेट खालच्या सुलभावहिनींच्या तुळशीला प्रदक्षिणा घालून थांबला.

तर मी उपग्रहाचा तो फोटो मोठा करून बघितला आणि कपाळावर हात मारला. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, दर मे महिन्यात आगोटीची तयारी करतात. पावसाळ्यापूर्वी वाळवून ठेवायचं ते सगळं मागच्या खळ्यात निळ्या ताडपत्रीवर पसरतात. ताडपत्री म्हणजे पूल! आणि तिच्यावरचे लाल ठिपके म्हणजे? आमसुलं! कोकमाच्या सालींचे छोटे छोटे ढीग! दुपारची गर्दी ती हीच. आमची आमसुलं पोहत होती!

मी तक्रार लिहिली. कडक लिहिली. क्षणात उत्तर आलं. (माणूस असता तर निदान दोन दिवस विचार केला असता!) 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. या स्थळाची पुष्टी एका विश्वासू स्थानिक योगदानकर्त्याने केली आहे.'

"कोण हा गाढव?" मी ओरडले.

आमचे हे चष्मा पुसत जवळ आले. "खाली नाव आहे बघ."

नाव माझं होतं.

मग आठवलं. एस.टी. स्टँडवर गाडीची वाट बघत होते. नकाशात सूचनांचा ढीग साठलेला, वर लाल आकडा लुकलुकत होता. कुठलीही गोष्ट बाकी राहिलेली मला बघवत नाही. गाडी लागली, आणि चढता चढता मी 'सर्व मान्य' दाबलं. आकडा गेला. किती हलकं वाटलं होतं!

"म्हणजे पूल तूच बांधलास," हे म्हणाले. "मला विचारायचं तरी. जरा खोल घेतला असता."

मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. पण वाडी बोलायला लागली होती.

पहिल्या आल्या सुलभावहिनी. साखर मागायला आल्या, पण डोळे मागच्या दाराकडे. "नाय, आमचा नातू मोबाईलात दाखवत होता. म्हटलं, बरं झालं गो बाय. आम्ही कळशी कळशी मोजतोय आणि तुमच्याकडं डुंबायची सोय!"

"वहिनी, अहो आमसुलं आहेत ती! चला, दाखवते."

"राहू दे हो. कोणाच्या घरात काय, आम्हाला काय करायचाय?" असं म्हणून साखर न घेताच गेल्या. यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी वाडीप्रमुख तात्या आले. नळाच्या पाळ्या तात्या ठरवतात. कुठल्या घराची चावी कधी सोडायची आणि कधी बंद करायची, सगळं त्यांच्या हातात. खुर्चीवर न बसता उभ्यानेच म्हणाले, "सूनबाई, वाडीत चर्चा हाय. ज्याच्याकडं तलाव, त्याला नळ कशाला? लोक म्हणतायत चावी बंद करा."

"तात्या! रविवारी केळवण आहे माझ्या घरी! आणि तलाव आहे असं सांगितलं कुणी?"

"नकाशा सांगतोय."

"नकाशा खोटा आहे!"

"असं कसं?" तात्या शांतपणे म्हणाले. "नकाशा तर तू भरतेस. मागच्या वर्षी माझी विहीर सरकारी बांधावर दाखवलीस, तेव्हा मी भांडलो, तर तूच म्हणालीस ना, तात्या, नकाशा खोटा बोलत नाय?"

शनिवारी संध्याकाळी सहाणेवर बैठक ठरली. देवापुढे नारळ ठेवून मी खरं काय ते सांगायचं, मग वाडी निर्णय घेणार. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, कॉलेजच्या ऑफिसात इतकी वर्षं नोकरी केलेल्या बाईवर घरात स्विमिंग पूल नसल्याची शपथ घ्यायची वेळ एका मशीनने आणली! संतापाने मी त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ घातलं.

शनिवारी सगळी वाडी जमली. माझ्या बाजूला हे, पलीकडे आई, एकदम गप्प. (आई गप्प बसल्या की मला धडकी भरते. त्या दिवशी ते ध्यानात यायला हवं होतं, पण आलं नाही.) तात्यांनी नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं घातलं:

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरं तुझ्या सहाणेवर जमली हायत!"

"होय म्हाराजा!" वाडी गरजली.

"आमच्या ह्या सूनबाईच्या खळ्यात कोणा न दिसणाऱ्यानं तलाव घातला म्हणतात! असला तर तिच्या तोंडून खरं निघू दे, नसला तर घालणाऱ्याची दातखीळ बसू दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

त्या घालणाऱ्याच्या यादीत माझंही नाव आहे, हे आठवून मी जीभ दातांपासून जरा लांब ठेवली. मग पुढे झाले, नारळावर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "देवाशपथ सांगते, माझ्या घरी स्विमिंग पूल नाही! आणि पाण्याचा एक थेंबही मी साठवलेला नाही!"

तेवढ्यात पों पों करत पाण्याचा टँकर सहाणेसमोर येऊन थांबला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"अहो, ते स्विमिंग पूलवाल्यांचं घर कुठलं?"

सगळी वाडी मान लांब करून टँकरकडे बघायला लागली. देवसुद्धा वाकून बघत असावा.

"कोणी पाठवला टँकर?" तात्यांनी विचारलं.

"कोल्हापूरच्या पार्टीनं. उद्या वाढदिवस हाय त्यांचा इथं. पूल भरून ठेवायला सांगितलाय. पैसे मिळालेत."

वाडीच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझी आईंकडे वळली.

"आई?"

आई पदर सारखा करत उठल्या. "फोन आलेला. विचारत होते, पुलात पाणी हाय काय? मी खरं ते सांगितलं, पाणी नाय. ते म्हणाले, आज्जी, पाणी आम्ही पाठवतो. म्हटलं, पाठवा."

"अहो पण आपल्याकडे पूल नाही, हे सांगायला नको?"

"त्यांनी विचारलंच नाय," आई म्हणाल्या. "देणाऱ्याचा हात कशाला धरू मी? केळवण तुझ्या यादीनं होणार हाय की पाण्यानं?"

मी बोलायला तोंड उघडलं, पण ऐकायला सहाणेवर कोणी नव्हतं. बैठक बरखास्त न होताच संपली होती! सगळी वाडी घराघरांतून हंडे, कळश्या, बादल्या, पिंपं घेऊन धावत होती. सुलभावहिनी सगळ्यांच्या पुढे. मी "हे दुसऱ्याचं पाणी आहे! हे चूक आहे!" असं ओरडत टँकरला आडवी गेले, तर तात्यांनी मला हाताने बाजूला केलं आणि रांग लावायला सुरुवात केली. आमच्या घराला पहिला नंबर दिला, एवढं मात्र खरं.

रविवारी भर केळवणात कोल्हापूरची मिनीबस दारात. बायका, मुलं, केक, हवा भरलेली बदकं. पुढे एक धिप्पाड गृहस्थ. "वहिनी, पूल कुठं हाय?"

मी त्यांना मागे नेलं. ते ताडपत्रीकडे बघत राहिले. एका मुलाने बदक आमसुलांवर ठेवलं.

"ह्यो पूल?" गृहस्थांचा चेहरा आमसुलाच्या रंगाचा झाला. "आणि आमचा टँकर?"

उपग्रह, एआय, सूचना, पुष्टी असं काहीतरी मी बडबडत होते, आणि ते बाह्या सरसावत होते. तेवढ्यात आई मधे आल्या.

"दादा, तुमच्याच पाण्यात स्वयंपाक झालाय. पहिला मान तुमचा. पानं मांडलीत, बसा."

"आज्जी, आम्ही पोहायला आलोय!"

"उपाशी पोटी कोण पोहतं? आधी जेवा, मग भांडू."

जेवल्यावर भांडायला कोणी उरलं नाही. गृहस्थांनी पुरणपोळ्या अशा हाणल्या की नणंद माझ्याकडे बघायला लागली. आई मागल्या दाराने सुलभावहिनींकडे गेल्या आणि वहिनींनी पोळ्यांची चळत पाठवून दिली. पूर्वाच्या ओटीत त्या मंडळींनी पाकीटही घातलं आणि केक तिच्याच हातून कापून घेतला. जाताना गृहस्थ मला म्हणाले, "वहिनी, नकाशा नीट करा. सगळेच आमच्यासारखे नसतात."

हे मला! जिचं नाक उन्हात सोललं, तिला!

त्याच रात्री मी पुन्हा तक्रार केली. सोबत फोटो जोडले: ताडपत्री, आमसुलं, एका सालीचा तर अगदी जवळून. उत्तर ताबडतोब: 'माहिती अद्ययावत केली. हा जलतरण तलाव तात्पुरता बंद आहे.' तात्पुरता! जे कधी नव्हतं ते नव्हतं, एवढं एक वाक्य त्या मशीनला लिहिता येत नाही. मी चार वेळा लिहिलं. चौथ्या वेळी त्याने मला कळवलं की माझ्या योगदानाची विश्वासार्हता कमी झाली आहे. मग मी शपथ घेतली, की हा खोटा चौकोन पुसल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही. खऱ्याची बाजू घेणारं या नकाशात कोणीतरी हवंच!

पुढच्या आठवड्यात नळ पुरताच बंद पडला. कुठेतरी पाइप फुटला होता. तात्या, सुलभावहिनी आणि निम्मी वाडी रिकाम्या कळश्या घेऊन आमच्या अंगणात.

"सूनबाई," तात्या इकडेतिकडे बघत म्हणाले, "त्या पुलासाठी आणखी कोणाचा फोन बिन आला काय गो?"

मी अशी भडकले! म्हटलं, "तात्या, शरम नाही वाटत? देवापुढे मला उभं केलंत! खोट्या माहितीवर पाणी मिळवायचं? उद्या एखादी ॲम्ब्युलन्स चुकीच्या घरी जाईल! नकाशा म्हणजे लोकांचा विश्वास असतो, तो मी असा…"

फोन वाजला. नंबर अनोळखी, बाई सांगलीच्या. "हॅलो, तुमच्याकडे स्विमिंग पूल आहे ना? तात्पुरता बंद दाखवतोय. चालू कधी होणार?"

अंगणातली सगळी मंडळी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी त्यांच्या रिकाम्या कळश्यांकडे बघितलं.

"परवापासून," मी म्हणाले. "पाणी तेवढं तुम्हाला पाठवावं लागेल. आणि ताई, टँकर मोठा बघा. पूल खोल आहे आमचा."