फडक्याने बांधलेलं कोपर

डावा खांदा आखडला तेव्हा मोठा मुलगा म्हणाला, "बाबा, गाडी विकून टाका." पहिला आणि तिसरा गिअर टाकायला हात पुढे पोचत नव्हता, हे खरं. पण गाडी माझी आहे.

नाहूरच्या एका गॅरेजवाल्याकडे गेलो. नाव मी विचारलं नाही, वय त्याने विचारलं नाही. तोंडात पान, म्हणून मान वर करून बोलायचा. मला सीटवर बसवून त्याने माझं कोपर फडक्याने बरगडीशी बांधलं.

"आता टाका गिअर."

"बांधल्या हाताने?"

"खांदा आपल्याला दुरुस्त करता येत नाय, काका. गिअर येतो. पण जड लागेल हां."

"लागू दे. जोर आहे अजून."

हात जिथवर गेला तिथे त्याने खडूने खूण केली. दांडा वरून कापला, खालून वाढवला, म्हणजे मूठ जराशी सरकली तरी गिअर पडतो. मग मला पुन्हा तसंच बांधून बसवलं. खट्! तिसरा पडला. तो पान गिळून ओरडला, "झकास, काका!"

संध्याकाळी मुलुंडचा पूल चढताना मुलगा शेजारी दाराची दांडी घट्ट धरून बसला होता.

"बाबा, हळू!" म्हणाला.

विकायचं मात्र बोलला नाही.