राख चाळणारा प्रमुख

सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या फ्लॅटमध्ये पद्माकर साळुंखे आरशापुढं उभे होते आणि सुलेखाताई नवऱ्याच्या धोतराचा सोगा नीट करत होत्या.

"अहो, श्वास तरी सोडा. किती अवघडून उभे राहिलाय!"

"सोडला की खोकला येतो."

खोकला तेजाबाच्या वाफेचा होता, तीस वर्षांचा. पद्माकरराव गलाईवाले. विट्याहून चुलत्याबरोबर मदुराईला गेले, तिथून बहात्तर साली सिंगापूरला आले. सोनारांकडची मोड, कानशीचा कीस, दुकानातली झाडलेली धूळसुद्धा मुशीत आटवायची आणि तिच्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढायचं, हे त्यांचं काम. आता साठी उलटली होती, जिना चढताना मधे थांबावं लागायचं, आणि आज त्यांना सोनारांच्या संघाचं प्रमुख करणार होते.

"बाबा, नको असेल तर सरळ नो म्हणा, लाह," अदिती सिंगापुरी ढबीत म्हणाली. त्यांची ही मुलगी चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेत होती.

"कुणाला म्हणू? दुसरं कोण आहे?"

ते खरंच होतं. संघ जुना, बाकी सगळे तमिळ कारागीर. एके काळी दीडशे सभासद होते. आता, २००४ साली, सतरा उरले होते. साच्यातले दागिने कारखान्यांतून यायला लागले आणि हातानं घडवणारे एकेक करून कॉन्डो इमारतींच्या गेटवर वॉचमन झाले. मावळते प्रमुख वेलायुधम आचारी चौऱ्याऐंशी वर्षांचे, डोळ्यांनी अधू.

सेरांगून रोडमागच्या संघाच्या माडीवर अकरा जण जमले होते. विश्वकर्म्याच्या तसबिरीपुढं समई, पानसुपारी, रेशमी पागोटं आणि काळी कसोटी मांडलेली. पद्माकरराव पाटावर बसले. रिवाजाप्रमाणं वेलायुधम यांनी तमिळमध्ये विचारलं, "कुणाची हरकत?"

"माझी आहे," पद्माकरराव तमिळमध्येच म्हणाले.

अदितीनं आईकडं पाहिलं.

"मी आयुष्यात एक साधी साखळी घडवली नाही. तुम्ही घडवलेलं आटवलं फक्त. शहात्तर साली सभासद व्हायला आलो, तेव्हा याच खोलीत सांगितलं होतं, की राख चाळणाऱ्याला इथं जागा नाही. पुढं गळती लागल्यावर आत घेतलंत, आणि आता माणसं संपली म्हणून पाटावर बसवताय."

आवाजात राग नव्हता. रागवायला लागतो तेवढा दमही नव्हता.

वेलायुधम आवाजाच्या रोखानं वळले; पद्माकररावांना ते सेट्टू, म्हणजे शेठ, म्हणायचे. "ते बोलणारा मीच होतो, सेट्टू."

"माहीत आहे मला."

"चार माणसांत बोललो होतो, म्हणून चार माणसांत सांगतो, चुकलं माझं. आणि माणसं संपली म्हणून बोलावलं, हेही खरं. देवापुढं बसून खोटं कशाला बोलू?"

पद्माकररावांना हसू फुटलं, हसता हसता खोकला आला, आणि सुलेखाताई पाणी घेऊन पुढं आल्या. घोटभर पिऊन ते म्हणाले, "बांधा. पाय आखडलेत माझे."

म्हाताऱ्यानं चाचपत पागोटं बांधलं. ते सैल झालं, उजव्या कानावर घसरलं. कुणी नीट केलं नाही. मग कसोटी हातात घेऊन पद्माकररावांनी शपथ घेतली: कुणाच्या सोन्याचा कस खोटा सांगणार नाही.

प्रमुखाचं काम म्हणजे काय, हे त्यांना पुढं कळलं. काम सुटलेले कारागीर यायचे. चाळीस वर्षं काम केलेलं, पण हातात एक कागद नाही. त्यांच्या कामाच्या दाखल्याचं पत्र पद्माकरराव मराठीत सांगायचे, अदिती ऑफिसातून आल्यावर इंग्रजीत टाइप करायची, ते सही ठोकायचे. एका पत्रावर मुरुगेसन नावाच्या कारागिराला दातांच्या टोप्या ओतणाऱ्या लॅबमध्ये नोकरी लागली. बाकीच्यांचं तसं जमलं नाही.

वेलायुधम गेले, तेव्हा संघाच्या रिवाजाप्रमाणं त्यांच्या तोंडात सोन्याचा कण ठेवायचा मान प्रमुखाचा होता. पद्माकररावांनी तो कण स्वतः आटवून शुद्ध केला. डॉक्टरांनी भट्टीजवळ जायला मनाई केली होती. आपण भट्टी पेटवल्याचं त्यांनी घरात सांगितलं नाही.

२००८ साली जागेच्या मालकानं माडी परत मागितली. नऊ सभासद उरले होते, सगळे आले. संघ बंद करायचं ठरायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पद्माकररावांनी शेवटची सही केली, आणि ते सगळ्यांबरोबर खालच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवर चहा प्यायला गेले. चहा फार गोड होता, तरी प्रत्येकानं संपवला.