हौदाची पहिली ओंजळ

तुळशीरामकाका गेल्याचं मला अकोल्यात कळलं. छापखान्यात खिळे जुळवत होतो. अमरावतीहून आलेला एक ओळखीचा माणूस दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "तुया काका गेला रे... तापानं." मी काही बोलायच्या आत त्यानं पुढचं वाक्य टाकलं, "लोक म्हणतेत, हौदाचं पाणी भोवलं." महिना होऊन गेला, पण काकांच्या आठवणीत ते दुसरं वाक्य अजून घुसतं. धड रडूही देत नाही.

काका माझे सख्खे चुलते. अमरावतीच्या वेशीबाहेर त्यांचा मळा. वांगी, मुळे, कोथिंबीर. उन्हाळा आला की विहिरी तळाला जायच्या आणि मळे पिवळे पडायचे. मग म्युनिसिपालिटीनं गावाच्या गटारांचं पाणी शुद्ध करायला तिथं तीन हौद बांधले. पहिल्यात मैला तळाशी बसायचा, दुसऱ्यात पाणी वाळू-विटांतून गळायचं, तिसऱ्यातून पाटानं मळ्यांत जायचं. वैशाखात हिरवी वांगी पाहून आमची सगळी माळीआळी हरखली. पण पेठेतली गिऱ्हाइकं नाक मुरडायची. भाजी खपली नाही तर मळेवाले पाणी घेणार नाहीत, आणि पाणी कोणी घेत नसेल तर म्युनिसिपालिटीची कमिटी हौद चालवणार नाही, हे उघड होतं. काकांना त्याचाच घोर होता.

म्हणून हौदाला वर्ष झालं तेव्हा काकांनी उत्सव काढला. तिसऱ्या हौदाला तोरण, हळदकुंकू, नारळ. मळ्यात गवऱ्यांच्या विस्तवावर रोडगे आणि त्याच पाण्यावरच्या वांग्यांची भाजी. हौद साफ करणारे मेहतरही पंगतीला हवेत हे काकांनी आधीच सांगून टाकलं होतं, त्यामुळे निम्मे लोक त्या कारणानं बिचकलेले आणि निम्मे वांग्यांमुळे. पेठेतले एक गृहस्थ पानावर बसून म्हणाले, "रोडगा वाढा, भाजी नको." मी भडकलो. सुधारकांची पत्रकं वाचून वाढलेला, पुढं स्वतःच ती लिहून छापणारा मुलगा मी! म्हटलं, "शेणाच्या गवरीत भाजलेला रोडगा चालतो, आणि गाळलेल्या पाण्यावरचं वांगं विटाळतं?" काकांनी माझा दंड धरून मला बाजूला ओढलं. "गिऱ्हाइकाशी भांडतं का कोनी? तू पत्रक छाप, मले वांगे इकू दे."

आमच्यात रीत आहे, नव्या विहिरीची पूजा झाली की मालकानं पहिली ओंजळ प्यायची. त्याशिवाय दुसरं कोणी ते पाणी तोंडाला लावत नाही. काका हौदाच्या पायरीवर उतरले तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. मी ओरडलो, "काका, ही विहीर नाही! म्युनिसिपालिटीच्या ओव्हरसियरनं बजावलंय, पाणी झाडांसाठी आहे."

"झाडं पेतेत तं मी काऊन नाई पेऊ?"

"माणसाच्या पोटाचं तसं नसतं."

"मंग या लोकायले काय सांगू? मी पेत नाई, तुमी वांगे खा?"

आणि ते प्याले. डोळे मिटून, तीर्थ घ्यावं तसे. मग त्या पेठेतल्या गृहस्थांनी भाजीसाठी पान पुढं सरकवलं. त्या दिवशी भाजी पुरली नाही.

पुढं दरवर्षी तेच. तोरण, रोडगे, ओंजळ. दरवर्षी मी भांडलो, दरवर्षी ते ठणठणीत राहिले, आणि 'हौदाचे वांगे' बाजारात नाव घेऊन विकले जाऊ लागले. तो अडाणीपणा होता की धाडस, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. यंदा ओंजळ घेतल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना ताप चढला, तो उतरलाच नाही. डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, "या तापाचे रोगी साऱ्या पेठेत आहेत, त्यांतल्या कित्येकांनी हौद पाहिलेलाही नाही. पण पाण्यानं काहीच झालं नसेल, असंही मी म्हणणार नाही." आता मळेवाले मला सांगतात, पत्रकात लिही की पाणी निर्दोष आहे. पेठेतले सांगतात, लिही की पाण्यानं माणूस मारला. आजवर मी कधी 'कदाचित' हा शब्द छापला नव्हता. आज दुसरा शब्द सापडत नाही.

परवा अमरावतीच्या बाजारात गेलो. बाकीचे माळी आता "इहिरीचे हायेत जी, इहिरीचे" असं ओरडत होते. काकांच्या जागेवर पार्वताकाकू बसली होती. एका बाईनं विचारलं, "हौदाचे का वं?" काकू म्हणाली, "हौदाचेच." बाई पाटी सोडून वळली, तशी काकूनं एक मुळा उचलला, लुगड्याला पुसला आणि तिच्या देखत कचकन चावला. अगदी काकांसारखा. ते रोज पहिल्या गिऱ्हाइकासमोर असंच करायचे, पाल्यासकट. बाई थांबली, पाहिलं, आणि गेली. मी म्हटलं, "काकू, विहिरीचे म्हणाली असतीस तर?" ती चावता चावताच बोलली, "त्यायनं एवढं पेलं ते काय इहिरीचं म्हनासाठी?"

निघताना तिनं माझ्या पिशवीत दोन मुळे टाकले. घरी येऊन मी ते धुतले. मग पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा माझाच मला राग आला... तसाच खाली बसलो आणि एक मुळा पाल्यासकट खाल्ला. फार तिखट होता. डोळ्यांत पाणी आलं. दुसरा अजून समोर आहे.