बंद करण्याआधीचा फोन

"काका, बाबा गेले." सुरेशच्या मुलीचा फोन आला, महिना होत आला त्याला. हुडकेश्वरला त्यांच्या घरी गेलो, चहा प्यालो आणि जे सांगायचं होतं ते गिळून परत आलो...

रामदासपेठेतल्या एका छोट्या कंपनीत सुरेश आणि मी जावा या संगणकभाषेत प्रोग्रॅम लिहायचं काम करायचो. एका दवाखान्याची पेशंट-नोंदणी आमच्या सर्व्हरवर चालायची. त्याची मेमरी भरली की तो बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. तसं केलं की काउंटरवाल्यांची सेशन्स, म्हणजे सर्व्हरशी चालू असलेली जोडणी, तुटत, अर्धवट भरलेलं सगळं जाई. म्हणून सुरेश आधी फोन लावायचा. "ताई, कोणाचं नाव भरून राहिल्या का? होऊ द्या, मी थांबतो."

मी वैतागायचो. "काहून थांबून राहिला गा? दाब ना बटन!"

"पेशंट उभा आहे तिथं. तुले काय, तू एसीत बसून राहिला!"

एकदा एक चूक दुरुस्त करताना मी माझ्या कॉम्प्युटरवरची प्रोग्रॅमची एक फाइल परस्पर सर्व्हरवर चढवली. ती जुनी निघाली. काउंटरवाले काम संपवून लॉग-आउट झाले तरी त्यांची सेशन्स मेमरी सोडेनात. भर ओपीडीत सर्व्हर बसला, पुन्हा उठवला, पुन्हा बसला. काउंटरवर हातघाईची वेळ आली. साहेबांनी विचारलं, "कोणी हात लावला?" सर्व्हर सुरेशच्या ताब्यात होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं... त्याची नोकरी गेली. मी फाइल गुपचूप बदलली आणि बिघाड शोधल्याची शाबासकी घेतली.

पुढे तो बुटीबोरीच्या एका कारखान्यात लागला. भेटला की हसून बोलायचा, आणि मी घाईचं निमित्त करून सटकायचो. शेवटचा भेटलो तेव्हा तो आजारी, पलंगावर होता.

"फाइल कोणाच्या नावानं चढली ते सर्व्हरवर दिसते गा. मी तेव्हाच पाहिलं होतं."

"मग... बोलला काहून नाही?"

"तू सांगशीन म्हणून थांबलो."

तेव्हाही मी सलाइनच्या थेंबांकडे पाहत बसलो.

तो दवाखाना अजून आमच्याकडेच आहे. सर्व्हर आता मी बंद करतो, आधी काउंटरला फोन लावूनच. हा लेख वर्तमानपत्राच्या पुरवणीकडे पाठवण्याआधीही एक फोन लावला, सुरेशच्या मुलीला. सगळं सांगितलं, काही न लपवता, आणि लेख पाठवू का ते विचारलं. ती एक शब्द बोलली नाही. फोनही ठेवला नाही. मागे त्यांच्या घरातला पंखा ऐकू येत होता...

मी थांबलो.