राखेतलं लाल नाणं

आई मंगळवारी पहाटे गेली. गुरुवारी सकाळी सात वाजता राख सावडताना राखेतून एक नाणं निघालं. ते तांब्यासारखं लाल होतं. एका बाजूची कड वितळलेली होती.

वडिलांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि परत राखेत टाकलं.

"हे आपलं न्हाई," ते म्हणाले. "म्या सोन्याचं ठिवलं हुतं."

आईच्या तोंडात नाणं वडिलांनीच ठेवलं होतं. तोंडात सोनं असावं, अशी आमच्याकडे रीत आहे. बहुतेक घरांतून गुंजभर मणी ठेवतात. आईजवळ मणी नव्हता. तिच्या करंड्यात वीस पैशांचं एक पिवळं नाणं होतं, कमळाचं. लग्नानंतर दोन वर्षांनी वडिलांनी ते तिला दिलं होतं. तेव्हा ते साखर कारखान्यावर मजूर होते. त्या नाण्यात सोनं मिसळलेलं आहे असं सगळे म्हणत, आणि वडिलांनीही तिला तसंच सांगितलं होतं. दर दिवाळीला ती ते चिंचेने घासायची. शेवटी हेच माझ्या तोंडात घाला, असं तिने सांगून ठेवलं होतं.

मंगळवारी शेजारच्या चौथऱ्यावर आणखी एक अंत्यविधी झाला होता. त्या लोकांनी बुधवारीच राख सावडली होती. वडिलांचं म्हणणं असं की, त्यांनी चुकून आपली राख नेली आणि आपल्याला त्यांची ठेवली.

"दादा, राखंवर काय नाव लिवलेलं असतंय का?" चुलते म्हणाले. "हितंच जाळली, हितंच हाय ती."

"सोनं जळत न्हाई," वडील म्हणाले. "रंग बी सोडत न्हाई. तू तुझं शहाणपण ठिव तुझ्यापाशी."

अस्थींचं गाडगं फडक्यात बांधून स्मशानातल्या लिंबाला टांगलं. वडिलांनी त्याला हात लावला नाही. दुसऱ्याच्या अस्थी मी पाण्यात सोडणार नाही, दहावा राहिला तरी चालेल, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. शुक्रवारीही फक्त चहा घेतला.

नाणं मी उचलून आणलं होतं. शनिवारी ते शेवगावला एका तांबटाकडे नेलं. साठीच्या पुढचा माणूस, हंड्याचा काठ ठोकत बसलेला. त्याने नाणं चिंचेच्या पाण्यात टाकलं, थोड्या वेळाने ब्रशने घासलं आणि भिंग लावलं.

"कमळ दिसतंय," तो म्हणाला. "हे बघा, पाकळ्या. खाली वीसचा आकडा. आगीत पडलं होतं का?"

मी पेपरात काम करतो हे सांगितलं, आणि नाणं कुठून आणलं तेही. त्याने भिंग खाली ठेवलं.

"पितळात तांबं असतं आणि जस्त असतं. मोठ्या आचेला वरचं जस्त धूर होऊन जातं. तांबं राहतं. म्हणून लाल."

"यात सोनं असतं असं म्हणायचे."

"तुम्ही पेपरवाले, आणि मला विचारता? आमच्या वडिलांकडे लोक पिशव्या भरून आणायचे ही नाणी, सोनं काढून द्या म्हणून. त्यात सोनं असतं तर मी आज हंडे ठोकत बसलो असतो व्हय?"

पैसे त्याने घेतले नाहीत.

म्हणजे अस्थी आईच्याच होत्या. हे वडिलांना पटवायचं, तर सोनं नव्हतं हेही सांगावं लागणार होतं. परतीच्या एसटीत दुसरा काही मार्ग सुचला नाही. संध्याकाळी पाच वाजता ओट्यावर बसून त्यांना सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मग नाणं मागून घेतलं आणि कमळावरून अंगठा फिरवला.

"म्हंजी ती तिचीच राख."

"हो."

"आन् हे पितळ."

"हो."



"तिला म्हाईत हुतं का रं?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं. रात्री मावशीला फोन केला. आई तिच्याशी कधी त्याबद्दल बोलली नव्हती. दुसरं विचारण्यासारखं कोणी उरलेलं नाही.

रविवारी सकाळी वडिलांनी दोन भाकरी खाल्ल्या आणि मला पुन्हा शेवगावला पाठवलं, सोन्याचा मणी आणायला. मी आणला. मुगाच्या दाण्याएवढा होता.

"कसाला लावून बघितलास का?"

"सोनाराने माझ्यासमोर लावला."

"तुझ्यासमोर?"

"माझ्यासमोर."

दहाव्या दिवशी आम्ही प्रवरासंगमला गेलो. घाटावर वडिलांनी गाडग्याचं फडकं सोडलं, मणी स्वतःच्या हाताने अस्थींत ठेवला आणि फडकं परत बांधलं. चुलत्यांनी गाडगं धरायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. ते गुडघाभर पाण्यात उतरले. साडेनऊ वाजता अस्थी विसर्जित झाल्या.