बाजूला बसायचा माझा आठवडा

आमच्या घरात पाळीचे चार दिवस बाईने बाजूला बसायचं. आम्ही धुळ्याकडून सुरतेत आलो, चुलीचा गॅस झाला, अंगणाची कोसाडच्या फ्लॅटमधली गॅलरी झाली. बाजूला बसायचा कोपरा मात्र गोणपाटासकट आमच्यामागे आला. माझी तक्रार कोपऱ्याबद्दल नाही, वेळेबद्दल आहे.

पाळी सुरू झाली की माझं डोकं असं लखलखीत चालतं की अख्ख्या सुरतेच्या साड्यांच्या घड्या घालून देईन. बिघडतं ते आधीच्या आठवड्यात. एरवी माझं लक्ष म्हणजे झाडावरचं माकड; त्या आठवड्यात माकड झाडासकट पळून जातं. दूध इतकं उतू घालवलंय की खालच्या मजल्यावरच्यांनी गवळी बंद केला. साड्यांना खडे चिकटवायचं काम घरी आणते, तर एकदा पदराचे खडे पडद्याला लावून मोकळी झाले. आमची खिडकी महिनाभर नवरीसारखी चमकत होती.

पर्वत पाटियाच्या डॉक्टरीणबाईंनी या माकडाला एडीएचडी असं नाव दिलं, गोळी दिली, आणि पाळीआधी काही बायकांचं हे वाढतं, असंही सांगितलं. मी नाव पाठ करत घरी आले. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला चपलेपासून भांगापर्यंत न्याहाळलं.

"दिखस ते काहीच नही."

पाय मोडला असता तर बिल्डिंगने केळी आणली असती. डोक्याला प्लास्टर घालत नाहीत, म्हणून माझ्या वाट्याला टोमणे.

उन्हाळा आला, बिबड्या, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, घालायच्या आल्या. मागच्या वर्षी नेमका तोच आठवडा होता आणि ज्वारीच्या घाट्यात मी मीठ घालतच राहिले होते. बिबड्या अशा खारट की समुद्र तापीतून उलटा आमच्या दारी आला. यंदाही नेमका तोच आठवडा, त्यात आत्याबाईंचा खांदा धरलेला. घाटा घोटायला मीच. आणि यंदाही बिघडला, तर पातेलं कायमचं शेजारच्या मावशींच्या हातात जाणार आणि मी कायमची येडी ठरणार.

"आत्याबाई, पुढच्या हप्त्यात घालू."

"पुढला हप्तामा तू बाजूले बसशी. मंग कोन घोटी, मना बाप?"

म्हणजे डोकं असतं तेव्हा हात चालत नाही आणि हात चालतो तेव्हा डोकं नसतं. मी गोणपाट काढला, कोपऱ्यात अंथरला, ताट-तांब्या घेऊन बसले.

"ऊनी का?"

"पाळी नाही आली. डोकं गेलंय. ते आलं की उठते."

"अशी कोनी बसस का?"

"मी बसले ना."

नवऱ्याने लग्नानंतर पहिल्यांदा चहा केला. त्याला रंगकामाच्या मिलमागच्या नाल्याचा रंग होता, मी दोनदा मागून प्याले. दूध उतू गेलं नाही. आत्याबाई माझ्याशी न बोलता भिंतीशी बोलत होत्या, भिंतीला पुष्कळ काही कळलं. मी उठत नाही बघून त्यांनी हट्टाने ज्वारी भिजवली, भरडून आणली. ती आंबून तयार झाली, त्याच सकाळी माझी पाळी आली.

"हाई घे," त्या म्हणाल्या. "आते खरी बस."

मी न्हाले, गोणपाट गुंडाळला आणि गॅस पेटवला. त्यांनी पुढे होऊन घोटायचा दांडा धरला. पातेल्यात दोन फेरे फिरला आणि खांदा अडला. मी दांड्याला हात घातला. त्यांनी लगेच सोडला नाही. घाटा तळाला लागायला लागला, तसा सोडला.

"मीठ?"

"एकदाच."

गच्चीवर आम्ही कापडावर बिबड्या थापत होतो. कोणाच्या घरी कोण बाजूला आहे, हे बिल्डिंगला वेगळ्या ठेवलेल्या आंघोळीच्या बादलीवरून कळतं. मावशींनी आवाज चढवून विचारलं, "तुनी सून आज बाजूले शे ना?"

आत्याबाईंनी मान वर केली नाही.

"तिनी मांगला हप्तामाच बसी लिधं."

देवापुढे ठेवायच्या बिबड्या मात्र संध्याकाळी त्यांनी मावशींकडून मागून आणल्या. आणू देत. मी गोणपाट टाकून दिलाय. त्या कोपऱ्यात आता माझ्या त्या आधीच्या आठवड्यासाठी गादी आहे, बरोबर पंख्याखाली.