मेणकापडाची चड्डी आणि माझा मुटका

मूत्राशयातल्या खड्याचं ऑपरेशन झालं. खडा गेला, पण जाताना नळाचा वॉशरही घेऊन गेला. एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी चाळिशीतला, पोस्टात खिडकीवर बसणारा गृहस्थ. खोकलो तरी भिजायचो, हसलो तरी भिजायचो, आणि हसायची तर मला खोडच.

"पोहणं आता विसरा," डॉक्टर म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील, हे काही वैद्यकातलं कारण नव्हे. म्हणून मी ते मानलं नाही. रोज सकाळी तलावावर पोहलो नाही तर मी दिवसभर खिडकीतल्या माणसांवर खेकसतो.

गळती धरणारे मोठ्या माणसांचे लंगोट तेव्हा आमच्याकडे दुकानात मिळत नसत. बाळंतिणीच्या खाटेवर घालतात ते लाल मेणकापड मी मेन रोडवरून आणलं आणि बायकोनं मशीनवर त्याची चड्डी शिवली. कमरेला, मांड्यांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, आत जुन्या धोतराची घडी. वरून नेहमीची पोहायची चड्डी.

"अहो, शिडीनं उतरा," ती म्हणाली. "मुटका नको. शिवण उसवेल."

पण गुडघे पोटाशी धरून धपकन मारलेला माझा मुटका तलावावर प्रसिद्ध होता. इतक्या दिवसांनी गेलेला मी शिडीनं कसा उतरणार?

मुटका मारला. शिवण उसवली नाही. तीच पंचाईत झाली. आत कोंडलेली हवा बाहेर पडेना. चड्डी पुरीसारखी टम्म फुगली. बूड वर आणि मी खाली. तलावावरच्या रखवालदारानं बांबू पुढे करून मला काठाला ओढलं तेव्हा वरची चड्डी घसरलेली आणि लाल फुगा सगळ्यांसमोर.

रोज आमच्यासोबत पोहणारे एक वकील होते. "हे काय नेसलंय?" त्यांनी विचारलं.

पट्टा आहे, कंबर धरलीय, असं काहीतरी ठोकून देणार होतो. पण त्या अवतारात थाप मारणंही जमेना. खरं ते सांगितलं.

"मग येता कशाला? आम्ही या पाण्यात गुळण्या करतो. घरी बादलीत बसा."

"वकीलसाहेब," मी म्हणालो, "तुम्ही तास तास पाण्यात असता. मधे कधी बाहेर जाऊन आल्याचं मला तरी आठवत नाही. या तलावात बांधून येणारा मी एकटाच आहे."

काठावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मीही हसलो, आणि हसल्यावर माझं जे व्हायचं ते झालं. मेणकापडानं ते धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शिडीनं उतरलो. कंबरभर पाण्यात थांबून वरची पट्टी बोटानं उचलली आणि हवा दाबून काढली. तिचा आवाज कसा होतो ते सांगायला नको. समोरून येणारे वकील थबकले. मी त्यांना नमस्कार केला आणि हात मारायला लागलो. बाजूला व्हायचं तर त्यांनी व्हावं; मी सरळ जाणार होतो.